व्हिटॅमिन सी सीरम: पुढचा आकडा सोडा, मागचं बारीक अक्षर वाचा

स्टाफरूममध्ये, भिशीत, सोसायटीच्या ग्रुपवर सगळीकडे हल्ली एकच प्रश्न येतो, "मॅडम ते व्हिटॅमिन सीचं सीरम घेऊ का? खरंच काही होतं का त्याने?" मला का विचारतात तर मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते म्हणून, आणि बहुतेक माझं वय पन्नाशीच्या पुढे असून मी रोज नाशिकच्या उन्हात टू-व्हीलर चालवते आणि तरी बरी दिसते म्हणून (असं मी समजते, घरच्यांनी कधी दुजोरा दिलेला नाही). मी स्किनची डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते. पण बाटलीत काय आहे, ते टिकतं का, कामाचं आहे का, हे केमिस्ट्रीचे प्रश्न आहेत आणि त्यावर मी बोलू शकते, जरा जास्तच बोलू शकते.

माझं मत पहिल्यांदाच सांगते. सीरम काम करतं, पण एका विशिष्ट रूपातलं, विशिष्ट आंबटपणाचं आणि ताजं असेल तरच, आणि तेही सनस्क्रीनच्या मागे दुसऱ्या नंबरवर उभं राहून. सनस्क्रीन न लावता सीरमवर पैसे घालवणाऱ्या बायका बघितल्या की मला राहवत नाही, मग मी बोलते आणि वाईटपणा घेते.

आता हे व्हिटॅमिन तिथे करतं काय ते बघू. ऊन त्वचेवर पडलं की आत ऑक्सिजनची फार भांडखोर रूपं तयार होतात, फ्री रॅडिकल म्हणतो तीच, आणि ती समोर येईल त्याचं इलेक्ट्रॉन ओढतात, मग त्यात चरबीची पडदी असो, प्रोटीन असो नाहीतर डीएनए. शिवाय त्यांच्यामुळे असे एन्झाइम जागे होतात जे कोलॅजन, म्हणजे त्वचेला ताठ ठेवणारं प्रोटीन, कापतात. कोलॅजन गेलं की सुरकुती. व्हिटॅमिन सी स्वतःचं इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि भांडण तिथेच मिटतं. वर कोलॅजन बनवणाऱ्या एन्झाइमना काम करायला हेच सी लागतं, ते नसेल तर स्कर्व्ही होतो, हिरड्यातून रक्त येतं, जुन्या जखमा परत उघडतात, हे अकरावीच्या पोरांनाही माहीत असतं. व्हिटॅमिन ई तेलात विरघळतं म्हणून ते पेशींच्या पडद्यांची राखण करतं, आणि ते खर्ची पडलं की सी त्याला परत कामाला लावतं. म्हणून दोघं एकत्र असलेलं बरं.

उन्हातला युव्हीए हा भाग काचेतून आत येतो हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं ट्रक चालवलेला, चेहऱ्याची डावी बाजू म्हणजे खिडकीकडची बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी. एकाच माणसाचे दोन वेगळ्या वयाचे गाल! आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा आपल्या ड्रायव्हर लोकांनी उजवा गाल बघावा. मी आमच्या ह्यांना तो फोटो दाखवला, तेव्हापासून गाडीत बसताना सनस्क्रीन मागतात, दुसऱ्या कशानेही जे झालं नव्हतं ते त्या फोटोने झालं.

तर सीरमची खरी गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत, शेल्डन पिनेल नावाच्या त्वचातज्ज्ञापासून. त्यांनी आणि त्यांच्या टीमने २००१ मध्ये डुकराच्या कातडीवर मोजून दाखवलं की साधं एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड त्वचेत शिरायला द्रावणाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ३.५ च्या खाली लागतो. का, तर ह्या अ‍ॅसिडचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू चार्ज घेतात तो आकडा, ४.२ च्या आसपास आहे, म्हणजे पीएच त्याच्या बराच खाली आणला की बहुतेक रेणू चार्ज नसलेले राहतात, आणि चार्ज नसलेला रेणूच त्वचेच्या वरच्या तेलकट थरातून आत सटकतो. बारावीचा आयनिक इक्विलिब्रियमचा धडा. "मॅडम ह्याचा पुढे काय उपयोग" असं विचारणाऱ्या प्रत्येक पोरीला आता मी हे सांगते.

त्याच अभ्यासात अजून दोन कामाच्या गोष्टी होत्या. एक म्हणजे २० टक्क्यांपर्यंत प्रमाण वाढवलं तर त्वचेतलं सी वाढतं, त्याच्या पुढे फायदा नाही. म्हणजे २५, ३० टक्के लिहिलेली बाटली बघून हुरळून जायचं कारण नाही, मिळेल तर फक्त जळजळ जास्त मिळेल. दुसरी म्हणजे एकदा आत गेलेलं सी अर्धं व्हायला साधारण चार दिवस लागतात. म्हणून एखाद्या दिवशी लावायचं राहिलं तर काही बिघडत नाही, आणि घामाने ते धुऊनही जात नाही, कारण ते आत गेलेलं असतं.

मग २००३ मध्ये त्यांनी १५ टक्के सी आणि १ टक्का ई एकत्र करून लावलं तर उन्हाने होणाऱ्या लालीपासून साधारण चौपट संरक्षण मिळालं, आणि २००५ मध्ये त्यात अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड घातलं तर ते आठपटीच्या जवळ गेलं, वर द्रावणही जास्त टिकलं. फेरुलिक म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नाही, तांदळाच्या गव्हाच्या कोंड्यात असतं, आणि १८६६ मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं ते हिंगातून. आपल्या फोडणीतल्या हिंगातून! हे ऐकून आमच्या भिशीतल्या एकीने लगेच विचारलं की मग हिंग चेहऱ्याला लावला तर? नाही. कृपया नाही.

पण ह्या आकड्यांवर लगेच भाळू नका. हे प्रयोग मुख्यतः डुकराच्या कातडीवर झाले. डुकराची कातडी आपल्या कातडीच्या बरीच जवळची असते म्हणून वापरतात, ते ठीक, पण ती आपली नव्हे. माणसांवर पुढे प्रयोग झाले ते थोड्या थोड्या माणसांवर. शिवाय पिनेल हे ज्या कंपनीने हे सीरम विकलं तिच्याशी जोडलेले होते आणि ड्यूककडे पेटंट होतं. ह्याचा अर्थ काम खोटं असा नाही, पण विकणाऱ्याच्या घरातला अभ्यास वाचताना एक भुवई वर ठेवावी. आणि लाली कमी होणं ही एक गोष्ट, दहा वर्षांनी सुरकुत्या कमी दिसणं ही दुसरी. सुरकुत्यांच्या बाजूने जे मला बरं वाटलं ते फ्रान्समधलं काम, २००३ चंच, ५ टक्क्यांचं क्रीम, सहा महिने, कोणाला काय लावलंय हे लावणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही अशा पद्धतीने, आणि त्यात उन्हाने खराब झालेली त्वचा सुधारलेली दिसली. लक्षात घ्या, सहा महिने. पंधरा दिवसात ग्लो आला म्हणणाऱ्यांना जो ग्लो दिसतो तो बहुतेक सीरममधल्या ग्लिसरीन-हायलुरॉनिकने त्वचा ओलसर झाल्याचा असतो.

माझी नणंद न्यू जर्सीला असते, ती दरवेळी येताना ते पिनेलवालं ओरिजिनल अमेरिकन सीरम आणते, तिकडे ३० मिलीला १८० डॉलरच्या आसपास पडतं. मी म्हटलं अगं एवढे पैसे? तर म्हणाली, "वहिनी, तुम्हीच तर म्हणता केमिस्ट्री महत्त्वाची, ह्याची केमिस्ट्री बरोबर आहे." बोलती बंद झाली माझी. पण २०२५ मध्ये त्याचं अमेरिकेतलं पेटंट संपलंय, आणि सी-ई-फेरुलिक हे त्रिकूट घालून भारतात हजाराच्या आतबाहेर बऱ्याच बाटल्या मिळतात. त्यातल्या कुठल्या चांगल्या हे मी नाव घेऊन सांगणार नाही कारण एकच ब्रँड दोन बॅचना दोन वेगळे निघतात, आणि ऑनलाइन मागवलं तर दारात आलेली बाटली किती महिने कुठल्या गोडाउनच्या पत्र्याखाली पडली होती ते देवाला माहीत.

म्हणून बाटली कशी बघायची ते शिकून घ्या. पुढे मोठ्या अक्षरात २० टक्के व्हिटॅमिन सी लिहिलेलं असतं, त्याकडे बघूच नका, बाटली उलटी करा. मागच्या यादीत घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, एक टक्क्याच्या खालचे मात्र कसेही लिहू शकतात. पहिल्या दोनचारात अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड असं साधं नाव दिसलं तर ते खरं सी. सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट, अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, इथाइल अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड असली लांबलचक नावं दिसली तर ते सीचे नातेवाईक, बांधून ठेवलेलं सी. ते टिकतात चांगले, जळजळही करत नाहीत, पण त्वचेत गेल्यावर त्यातून खरं सी किती सुटतं ह्याचा पुरावा बराच तोकडा आहे. २००१ च्या त्याच अभ्यासात मॅग्नेशियमवालं लावून त्वचेतलं सी वाढलेलं दिसलं नव्हतं. ज्यांची त्वचा फार नाजूक आहे, आंबट काही सोसतच नाही, त्यांनी नातेवाईकांवर समाधान मानायला हरकत नाही. बाकीच्यांनी खरं घ्यावं. आणि संत्र्याचा अर्क, काकाडू प्लम, आवळा एक्स्ट्रॅक्ट एवढंच लिहिलेलं असेल तर ती बाटली परत शेल्फवर ठेवा, वास छान असेल, बस.

ईचंही तसंच, टोकोफेरॉल हवं, टोकोफेरिल अ‍ॅसिटेट हे परत बांधलेलं रूप.

पीएच बघायला लॅबच्या सामानाच्या दुकानात पीएच पेपरची पुस्तिका मिळते, एक थेंब टाकून रंग जुळवा, ३ च्या आसपास आलं तर छान, ५-६ आलं आणि यादीत साधं अ‍ॅस्कॉर्बिक असेल तर ते आत जायचं कठीण आहे.

आता माझी आवडती टेस्ट. घरात बीटाडिनची बाटली असतेच, जखमेवर लावायची ती, १० टक्क्यांवालं सोल्युशन घ्या. व्हिटॅमिन सी आयोडीनचा तपकिरी रंग घालवतं, हीच ती प्रॅक्टिकलमधली टायट्रेशनची रिअ‍ॅक्शन. वाटीत थोडं पाणी, त्यात बीटाडिनचे थेंब, आणि मग सीरम. मी हिशेब मांडला तर १० टक्के बीटाडिनच्या एका मिलीत साधारण १० मिलीग्रॅम आयोडीन असतं, त्याला सुमारे ७ मिलीग्रॅम सी लागतं, आणि १५ टक्क्यांच्या ताज्या सीरमच्या एका थेंबात तेवढं सी असतं. म्हणजे सीरमच्या एका थेंबाने बीटाडिनच्या वीसेक थेंबांचा रंग जायला हवा. चारपाच थेंबांतच दम लागला तर बाटली थकलेली आहे. अर्थात ही टेस्ट फक्त साध्या अ‍ॅस्कॉर्बिकसाठी, बांधलेल्या सीवर ती लावून "फेल झालं" म्हणू नका. शिवाय काही जण टिकण्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, तेही आयोडीनचा रंग घालवतं, म्हणजे पास होणारी प्रत्येक बाटली चांगलीच असेल असं नाही, पण नापास होणारी नक्की गेलेली. आणि वाटी स्टीलची किंवा काचेची घ्या, प्लास्टिकला डाग पडतो.

लिंबाचं बोलते कारण विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, एवढ्या महागाचं कशाला, लिंबू चोळा, आमच्या आजीने आयुष्यभर बेसन-हळद-लिंबूच लावलं. आजीचा चेहरा चांगला होता तो डोक्यावरच्या पदरामुळे, हे माझं ठाम मत आहे. लिंबाच्या १०० ग्रॅम रसात सी असतं ३० ते ५० मिलीग्रॅम, १५ टक्क्यांच्या सीरममध्ये १०० मिलीत १५ ग्रॅम, म्हणजे कमीत कमी तीनशे पट. लिंबाचा आंबटपणा जवळजवळ सगळा सायट्रिक अ‍ॅसिडचा. आणि आपल्या कागदी लिंबाच्या सालीत असे पदार्थ असतात की ते त्वचेवर राहिले आणि वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे डाग राहतात, महिनोन्‌महिने. डाग घालवायला लावलं आणि डाग घेऊन बसलो. चघळायच्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या कुटून लावणाऱ्याही आहेत, त्यात साखर आणि रंग असतो आणि बरंचसं सी सोडियमच्या रूपात असतं, ते काही आत जात नाही. गोळी खायची असते. खायचंच असेल तर एक पेरू खा, १०० ग्रॅममध्ये २०० मिलीग्रॅमच्या आसपास सी, आयसीएमआरच्या हिशेबाने बाईला दिवसाला ६५ लागतं, झालं की.

तीच गत व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूलची, ती टोचून रात्री तोंडाला लावायची फॅशन अजून गेली नाही. १९९९ मध्ये ऑपरेशनच्या व्रणांवर ई लावून बघितलं होतं, व्रण सुधारले तर नाहीतच, वर तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना अ‍ॅलर्जीची खाज सुटली. ई एकट्यापेक्षा सीच्या जोडीने जास्त कामाचं.

आपल्याकडच्या बायकांची खरी तक्रार मात्र सुरकुत्यांची नसतेच, वांगाची असते. गोऱ्या कातडीवर वय सुरकुत्यांनी दिसतं, आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर आधी डागांनी, असमान रंगाने दिसतं, त्यामुळे परदेशी जाहिरातीतलं "फाइन लाइन्स" वगैरे आपल्याला अर्धंच लागू. वांगावर सी चालतं का? २००४ मध्ये मेक्सिकोत १६ बायकांच्या एका गालावर ५ टक्के सी आणि दुसऱ्या गालावर ४ टक्के हायड्रोक्विनोन, म्हणजे डाग उजळवायचं नेहमीचं औषध, लावून बघितलं. हायड्रोक्विनोनच्या बाजूला ९३ टक्के बायकांना चांगला गुण आला, सीच्या बाजूला ६२.५ टक्के. पण त्रास, लाली-जळजळ वगैरे, हायड्रोक्विनोनला ६८.७ टक्के आणि सीला फक्त ६.२ टक्के. अभ्यास छोटा आहे, तरी मला त्यातून एवढं कळतं की सी हळू चालतं पण त्रास देत नाही. ह्याउलट मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेली ती स्टिरॉइड मिसळलेली गोरं करायची ट्यूब, ती दोन महिने सुंदर दिसते आणि मग चेहरा लाल, पातळ, केसाळ होतो आणि सोडली की दुप्पट भडकतो. त्या ट्यूबपासून लांब राहा, वांग जुना असेल तर स्किनच्या डॉक्टरकडे जा.

वांगवाल्यांसाठी अजून एक, नुसत्या युव्हीनेच नाही तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही तो वाढतो, आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, थोडं मातकट रंगाचं टिंटेड सनस्क्रीन अडवतं. आणि आपला स्कार्फ! पुण्या-नाशकातल्या पोरी टू-व्हीलरवर डोळे सोडून सगळं गुंडाळतात त्यावर लोक विनोद करतात, पण जाड सुती स्कार्फ हे ह्या सगळ्यातलं सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं अँटी-एजिंग आहे.

सनस्क्रीन पहिल्या नंबरवर का, तर तसला पुरावा सीरमकडे नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नंबूर गावात ५५ च्या आतल्या ९०३ माणसांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांनी मनाला येईल तेव्हा लावायचं. मनगटाच्या पुढे हाताच्या पाठीचे साचे घेऊन मोजलं, रोज लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्क्यांनी कमी म्हातारी झाली. २०१३ मध्ये छापून आलं. आणि गंमत अशी की त्यातच काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या, म्हणजे पोटातून अँटिऑक्सिडंट (सीसारखंच फ्री रॅडिकलचं भांडण मिटवणारं), आणि त्याचा एकूण काहीच परिणाम दिसला नाही. आता गोरं करायच्या म्हणून ग्लुटाथायोनच्या गोळ्या विकणारा कोणी भेटला की मी हे ऐकवते.

लावायचं कसं: सकाळी तोंड धुऊन कोरडं करा, चारपाच थेंब चेहरा आणि मान (मान सगळ्या विसरतात), थोडं चरचरेल, ते सुकलं की मॉइश्चरायझर आणि मग दोन बोटांवर भरेल एवढं सनस्क्रीन. नायसिनामाइडबरोबर (व्हिटॅमिन बी३ चं रूप) लावलं तर दोन्ही वाया जातं ही जुनी अफवा आहे, ज्या तापमानाला तसं होतं त्या तापमानाला तुमचा चेहरा जात नाही. पिंपलसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर मात्र ते रात्री, ते सीला खाऊन टाकतं. रेटिनॉल (व्हिटॅमिन एचं रूप) वगैरेही रात्रीच, आणि दिवस गेले असतील किंवा त्या विचारात असाल तर ते अजिबात नाही, सी चालतं.

आणि बाटली सांभाळा. उजेड, हवा, उष्णता तिन्ही सीचे वैरी. गडद काच किंवा हवा न शिरणारा पंप बघा, पारदर्शक बाटलीत सुंदर दिसणारं घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये ऑनलाइन मागवूच नका, डिलिव्हरीवाल्याच्या बॅगेत दुपारी काय तापमान असतं ते त्यालाच विचारा, मी उन्हाळ्याची बाटली फेब्रुवारीतच आणून फ्रिजच्या दारात ठेवते, तिथे मुलगा तिला सॉस समजत नाही एवढं बघावं लागतं. उघडल्यावर तीन महिन्यांत संपवायची. फिकट पिवळं चालेल, चहासारखा रंग आला की गेलं. त्या जुन्या सीत मोडतोड होऊन एरिथ्रुलोज तयार होतं, हेच सेल्फ-टॅनरमध्ये घालतात, म्हणून बोटांच्या पेरांना आणि उशीच्या अभ्र्याला नारिंगी डाग पडतात. "महाग आहे, निदान कोपरांना तरी लावते" असं म्हणत माझ्या मावशीने ते संपवलं, तर कोपरं आणखीनच पिवळी.